वर्षाचं वचन, रोजची भक्ती आणि देवाची कृपा: भरवसा नेमका कशाच्या आधारावर ठेवायचा?

प्रश्न: पहाटेची_वेळ

सर्वांना जय ख्रिस्त.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपल्याकडे बऱ्याच मंडळ्यांत वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलतात. घरात या वर्षी यिर्मया २९:११ आलंय. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, असं ते वचन. सध्या घरात आजारपण आहे, नोकरीचंही काही खरं नाही. त्यामुळे पुढचे प्रश्न मनापासून विचारते आहे:

१. चिठ्ठीत निघालेलं वचन हे देवाने मला दिलेलं अभिवचन समजायचं का?
२. परिस्थिती उलटी असताना देवाची कृपादृष्टी आपल्यावर आहे हे कशावरून म्हणायचं?
३. सकाळी साधारण २५ मिनिटं मिळतात. वाचन, मनन, प्रार्थना यांची वाटणी कशी करावी? रात्री मुलांसोबत दहा-बारा मिनिटं मिळतात, त्यात काय बसवावं?

"विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल" एवढंच उत्तर कृपया नको. शास्त्रातून दाखवा.

---

उत्तर: शास्त्रपाठ

ताई, आधी तो अध्याय उघडूया, कारण या वचनाची गंमत त्याच्या आजूबाजूलाच आहे.

यिर्मया २९ म्हणजे एक पत्र. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. त्याच्या आधीचा २८वा अध्याय वाचल्याशिवाय या पत्राकडे जाऊ नका. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं पूर्ववत होईल, मंदिरातली पात्रं परत येतील, राजाही परत येईल. लोकांना ऐकायचं होतं तेच तो बोलला, आणि ते खोटं ठरलं. मग २९व्या अध्यायात देव काय सांगतो? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा (वचनं ५ ते ७). १०व्या वचनात मुदत येते: सत्तर वर्षं. त्यानंतर ११वं वचन.

म्हणजे हे पत्र पहिल्यांदा ज्यांनी ऐकलं त्यांतले कितीतरी प्रौढ लोक बाबेलातच मरण पावणार होते, आणि तरीही देवाचे हिताचे संकल्प त्यांच्याविषयीच होते. भिंतीवरच्या फ्रेममध्ये ११वं वचन एकटं येतं, सत्तर वर्षं बाहेर राहतात. मग आपण ते हनन्याच्या आवाजात वाचू लागतो: दोन वर्षांत, किंवा या डिसेंबरपर्यंत. डिसेंबर येतो, काही बदललेलं नसतं, आणि माणूस देवावर रुसतो. खरं तर देवाने डिसेंबर कबूलच केलेला नव्हता.

मग ते वचन तुमचं नाही का? आहे, पण वाट ख्रिस्तातून जाते. २ करिंथ १:२० प्रमाणे देवाची अभिवचनं कितीही असोत, त्यांचं "होय" ख्रिस्तात आहे. म्हणून कुठलंही वचन हाती आलं की तीन गोष्टी तपासा. ते कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितलं? आधीच्या आणि नंतरच्या पाच-पाच वचनांत काय आहे? आणि ख्रिस्ताच्या मरणातून व पुनरुत्थानातून ते आपल्यापर्यंत कोणत्या रूपात पोचतं? यिर्मया २९:११ या कसोटीवर घासलंत तर हाती येतं ते असं: देव आपल्या लोकांना परक्या, न आवडणाऱ्या जागीही सोडत नाही, तिथेच कामाला लावतो, आणि शेवट त्याच्या हाती असतो. लगेच पुढची १२ आणि १३ ही वचनं हाक मारण्याविषयी आणि मनापासून शोधण्याविषयी आहेत. तुमची रोजची प्रार्थना तिथे जोडली जाते.

चिठ्ठ्यांच्या प्रथेविषयी एक माहिती. जर्मनीत हर्नहूट इथल्या मोरावियन मंडळीत १७२८ पासून दिवसाचं वचन द्यायची रीत सुरू झाली आणि १७३१ साठी त्यांचं पहिलं छापील पुस्तक निघालं. ते आजही निघतं. त्यात जुन्या करारातलं वचन चिठ्ठी टाकून काढतात, पण त्याच्या जोडीला नव्या करारातलं वचन विचारपूर्वक निवडतात. शिवाय त्या दिवसाचं वचन साऱ्या मंडळीसाठी एकच असतं, प्रत्येकाचं खासगी भाकीत नसतं. आपल्याकडची चिठ्ठी याच पद्धतीने हाताळा. तुमच्या वचनाला रोम ८:२८ ते ३९ जोडा आणि दोन्ही मिळून वर्षभर वाचा. चिठ्ठी टाकून देण्याची काही गरज नाही. तिला पूर्ण अध्याय द्या, बस्स.

आता दुसरा प्रश्न. कृपा कशावरून ओळखायची? उत्पत्ति ३९ पेन्सिल घेऊन वाचा. परमेश्वर योसेफाबरोबर होता, हे त्या एका अध्यायात चार वेळा येतं: वचनं २, ३, २१ आणि २३. पहिली दोन पोटीफराच्या, म्हणजे त्याच्या मिसरी धन्याच्या घरात, शेवटची दोन तुरुंगात. मधे खोटा आरोप आणि बेड्या. लेखकाने घरातलं आणि तुरुंगातलं वाक्य मुद्दाम सारखंच ठेवलंय. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची मर्जी त्याच्यावर बसली तीही देवाच्या कृपेने (वचन २१), पण त्या मर्जीने तुरुंगाचं दार उघडलं नाही. तुरुंगातला त्याचा सोबती, फारोचा प्यालेबरदार, सुटला आणि योसेफाला विसरला, त्यानंतर आणखी दोन वर्षं गेली (४१:१). योसेफ विकला गेला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३०. त्या तेरा वर्षांतल्या कुठल्याही मंगळवारी परिस्थिती बघून कृपा मोजली असती तर उत्तर चुकलंच असतं.

आपला आधार रोम ५:१-२ मध्ये आहे. ख्रिस्ताद्वारे आपण कृपेत येऊन उभे आहोत, हे आधीच घडलेलं आहे. आजचा दिवस चांगला गेला म्हणून ती कृपा वाढत नाही आणि डॉक्टरांचा रिपोर्ट वाईट आला म्हणून घटत नाही.

---

उत्तर: वसईचा_वाचक

शास्त्रपाठ यांनी योसेफाचं सांगितलं. मी पवित्र मरियेकडे लक्ष वेधतो. आम्हा कॅथलिकांच्या रोझरीतली प्रार्थना सुरूच होते लूक १:२८ मधल्या देवदूताच्या नमस्काराने, आणि ३०व्या वचनात तो सांगतो की तुझ्यावर देवाची कृपा झाली आहे. त्यानंतर काय काय आलं ते ओळीने पाहा. बाळंतपण गोठ्यात. मंदिरातलं अर्पण पारव्यांचं किंवा होल्यांचं, म्हणजे लेवीय १२:८ प्रमाणे कोकरू परवडत नसलेल्यांचं. मग मंदिरात भेटलेल्या शिमोनाचे शब्द: तुझ्या जिवातून तलवार जाईल (लूक २:३५). मग रातोरात मिसरला पळून जाणं. देवाची कृपा जिच्यावर झाली असं देवदूताने स्वतः सांगितलं तिच्या वाट्याला हे आलं. त्यामुळे आजारपण आलं म्हणजे कृपा गेली हा हिशोब शुभवर्तमानात बसत नाही. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं म्हणताना चौथ्या रहस्यापाशी, म्हणजे मंदिरातल्या समर्पणापाशी, थोडं थांबून हा भाग वाचावा.

वाचनाच्या पद्धतीविषयी. बाराव्या शतकातला कार्थुसियन मठवासी दुसरा गीगो याने चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवापुढे नुसतं शांत बसणं. घोटाळा बहुधा पहिल्या पायरीवरच होतो, कारण माणूस भाग फार मोठा घेतो. सहा ते दहा वचनं पुरेत. पहिल्यांदा मोठ्याने वाचा. दुसऱ्यांदा हळू वाचा आणि जिथे मन अडेल तिथे बोट ठेवा. तिसऱ्यांदा फक्त तेवढीच ओळ. मग त्या ओळीचीच प्रार्थना करा. चौथ्या पायरीत काही जाणवलं पाहिजे असा हट्ट धरू नका. दोन-तीन मिनिटं गप्प बसलात की ती पायरी झाली.

भाग कुठला घ्यायचा ही चिंता नको असेल तर रोजच्या मिस्साची वाचनं घ्या. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, इतर दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रातलं. आपल्या आवडीची वचनंच फिरवून फिरवून वाचायची सवय त्याने मोडते, आणि ही सवय खरंच मोडायला हवी.

रात्री झोपण्यापूर्वी संत इग्नाशियसने घालून दिलेलं आत्मपरीक्षण दहा मिनिटांत होतं: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाचा तास-तास आढावा, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. आभार पहिले आहेत, ते पहिलेच ठेवा. पापांच्या यादीने सुरुवात केली की बरेच जण तिथेच अडकतात आणि आढावा स्वतःला कोसण्यात संपतो.

---

उत्तर: घरची_वेदी

मी तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. सकाळच्या २५ मिनिटांची वाटणी अशी करून बघा:

– २ मिनिटं: फोन दुसऱ्या खोलीत. एक वाक्य मोठ्याने: "प्रभू, बोल, तुझा दास ऐकत आहे" (१ शमुवेल ३ मधल्या अर्थाने).
– ७ मिनिटं: एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक भाग.
– ६ मिनिटं: वही.
– १० मिनिटं: प्रार्थना, वहीतल्या नोंदींवरूनच.

वही हा यातला कणा आहे. पानाच्या डाव्या बाजूला त्या भागात देव काय करतो तेवढंच लिहायचं. उजवीकडे त्यावरून मी काय मागतो किंवा कबूल करतो. खाली तारीख. डावी बाजू भरल्याशिवाय उजवीकडे जायचं नाही. नाहीतर भाग कुठलाही असो, उजवीकडे रोज त्याच चार काळज्या उतरतात.

नमुन्यासाठी स्तोत्र ५ घ्या. ते सकाळचंच स्तोत्र आहे (वचन ३) आणि १२ वचनांचं आहे. शेवटच्या वचनात देव नीतिमानाला आशीर्वाद देतो आणि ढालीने वेढावं तसं कृपेने वेढतो. हे वाचून लगेच शंका येते की मी कुठला नीतिमान? उत्तर त्याच स्तोत्रात ७व्या वचनात आहे. दावीद देवाच्या घरात येतो तो देवाच्या विपुल दयेने, स्वतःच्या पात्रतेने नव्हे. म्हणून डाव्या बाजूला येईल: "ऐकतो. दुष्टता खपवून घेत नाही. दयेने आत घेतो. वाट दाखवतो. आश्रय देतो. कृपेने वेढतो." उजवीकडे: "आज दवाखान्यात जाताना मीही त्याच दयेने आत आहे. बोलताना जीभ सांभाळ." (९व्या वचनात जिभेचाच विषय आहे.) इतकं झालं की प्रार्थनेला शब्द शोधावे लागत नाहीत.

मार्टिन ल्यूथरने १५३५ मध्ये पीटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेची रीत लिहून दिली होती. एकेका आज्ञेवरून चार धागे काढायचे: यातून शिकवण काय, आभार कशाचे, कबुली कशाची, मागणं कोणतं. वहीवरून प्रार्थना करताना हेच चार धागे धरा. प्रत्येकाला दोन-अडीच मिनिटं.

मुलांसोबतची बारा मिनिटं: उपासना संगीत या गीतपुस्तकातल्या एखाद्या गीताची दोन कडवी. मार्कमधला एकच प्रसंग, मुलांनी आळीपाळीने वाचायचा. प्रश्न एकच: "इथे येशूने काय केलं?" लगेच "मग आपण कसं वागायचं?" विचारू नका. त्याने शास्त्रपाठाचा तास होतो आणि मुलं अपेक्षित उत्तर देऊन मोकळी होतात. मग प्रत्येकाचं एक आभाराचं वाक्य, एक मागणं, प्रभूची प्रार्थना. शेवटी आईने किंवा वडिलांनी प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गणना ६:२४-२६ मधला आशीर्वाद नाव घेऊन म्हणायचा. वेळ कमी पडली तर गीत गाळा, आशीर्वाद गाळू नका. देवाची कृपा मुलांना समजावून सांगण्यापेक्षा ती रोज त्यांच्यावर उच्चारली जाणं जास्त खोल जातं, असं माझं ठाम मत आहे.

आजारी माणसाच्या खोलीतच प्रार्थनेला बसा. त्यांना बसवत नसेल तर सहा-सात वचनांचा भाग पुरे.

---

पहाटेची_वेळ

खूप आभार. चिठ्ठीला पूर्ण अध्याय द्यायचा, हे लगेच करणार. आणखी दोन गोष्टी विचारते. काही दिवस प्रार्थनेला बसलं तरी आतून काहीच येत नाही, मग भीती वाटते की भरवसाच संपला की काय. आणि "तुमच्या घरात काहीतरी लपलेलं पाप असेल, म्हणून दुखणं हटत नाही" असं भेटायला येणारे विश्वासीच सुचवतात. त्यांना काय सांगायचं?

---

उत्तर: शास्त्रपाठ

ताई, दुसरं आधी घेतो. योहान ९:२-३. शिष्यांनी जन्मांधाविषयी हाच प्रश्न विचारला, याने पाप केलं की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं. लूक १३:४ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून दबलेल्या अठरा जणांविषयीही तेच. ईयोबाच्या मित्रांनी जवळजवळ पूर्ण ग्रंथभर हेच सुचवलं आणि ४२:७ मध्ये देवाने त्यांनाच दोष दिला. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" हे उत्तर मिळालं (२ करिंथ १२:७-९). पौलाच्या विश्वासात काय कमी होतं म्हणायचं? भेटायला आलेल्यांशी वाद घालू नका. "योहान ९ आपण मिळून वाचूया का?" एवढं म्हणा. एखादं पाप खरोखर मनाला टोचत असेल तर ते देवापुढे सरळ नाव घेऊन कबूल करा, १ योहान १:९ त्यासाठीच आहे. पण नाव नसलेल्या पापाच्या शोधात स्वतःला रात्रंदिवस खोदत बसायला शास्त्र कुठेही सांगत नाही.

आता कोरडेपणाविषयी. स्तोत्र ७७ तर तुमचाच प्रश्न विचारतं: प्रभू पुन्हा कधीच प्रसन्न होणार नाही का, देव कृपा करायला विसरला का (वचनं ७ ते ९). लेखक त्या प्रश्नांना उत्तर म्हणून स्वतःची मनःस्थिती तपासत नाही. ११व्या वचनापासून तो देवाची जुनी कृत्यं आठवू लागतो आणि स्तोत्र संपतं तांबड्या समुद्रापाशी, मोशे आणि अहरोनापाशी. तुम्हीही अशा दिवशी नवीन काही शोधू नका. वहीच्या फक्त डाव्या बाजूची मागची पानं मोठ्याने वाचा. तेवढीच त्या दिवसाची भक्ती.

तेही जमलं नाही तर स्तोत्र १३, सहाच वचनं. "कोठवर" हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत चार वेळा. आणि अगदीच अंधार असेल तर ८८. ते अंधारातच संपतं, पण पहिल्या वचनात ज्याला हाक आहे तो माझ्या तारणाचा देव आहे. असं स्तोत्र देवाने आपल्या ग्रंथात ठेवलं, यावरूनच कळतं की तशी प्रार्थना त्याला चालते. आतून काही येत नसताना त्याच्यापुढे जाऊन बसणं हाच भरवसा आहे, ताई. इब्री ४:१६ आपल्याला कृपेच्या राजासनाजवळ बोलावतं ते गरजेच्या वेळी. तिथे यायला आधी मन भरून आलेलं असावं अशी अट नाही.

आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर पाळकांना सांगा आणि डॉक्टरांनाही दाखवा. घरच्या आजाऱ्याची सेवा करणारा माणूस स्वतः कधी खचतो ते त्याच्या लक्षात येत नाही.

---

उत्तर: घरची_वेदी

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

अमुक रक्कम अर्पण करा म्हणजे शंभरपट मिळेल आणि अडलेली कृपा सुटेल, असं कोणी अशा काळात सांगितलं तर मार्क १०:२९-३० पूर्ण वाचा. शंभरपट तिथे आहे, आणि त्याच वाक्यात "छळणुकीसह" असंही आहे. अर्पण आनंदाने द्या, पण कृपेची किंमत म्हणून देऊ नका. इफिस २:८-९ नंतर किंमत हा शब्द उरत नाही.

दुसरं, वाचनाचा आराखडा. बायबलचे अध्याय ११८९. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार पडतात. रॉबर्ट मॅकचेन यांनी १८४२ मध्ये डंडीतल्या आपल्या मंडळीसाठी केलेला आराखडा रोज चार अध्यायांचा आहे, त्यात नवा करार आणि स्तोत्रं वर्षातून दोनदा होतात. आराखडा चांगला आहे, पण घरात आजारपण असताना तो या वर्षी घेऊ नका. लेवीयाच्या आसपास आठ दिवस मागे पडतात, मग राहिलेलं भरून काढायला धावतं वाचन होतं, आणि मग वहीच बंद पडते. त्यापेक्षा रोज एक स्तोत्र घ्या, पाच महिन्यांत १५० होतात. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं, ते आठ-आठ वचनांच्या २२ भागांत वाटा. त्याचे दिवस वेगळे धरा. सोबत मार्क. दिवस चुकला तर कालचं भरायचं नाही, आजच्या तारखेला पुढचा भाग उघडायचा.

उद्यापासून सुरू करणार असाल तर स्तोत्र १ आणि मार्क १:१-१५. यिर्मया २८ आणि २९ रविवारी दुपारी, घरच्यांसोबत एका बैठकीत मोठ्याने वाचा.